खालचं

गोधडीची वरची बाजू पुरी व्हायला मला आठ महिने लागले. चौकोन बेतण्यात दोन, जोडण्यात पाच आणि एक महिना नुसता एक जांभळा चौकोन कुठं बसवावा या भांडणात. भांडण माझं माझ्याशीच. माघात कधीतरी ते मिटलं. हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला सारून मी ती फरशीवर पसरली. रुंदीला सात फूट, लांबीला साडेसात. आईच्या दोन साड्या, सासूबाईंची एक, काकूची एक, धाकट्या बहिणीचा कॉलेजातला पंजाबी ड्रेस, असं सगळं गोत त्यात आलेलं. नवरा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, ‘‘झाली की.’’

‘‘अर्धी झाली.’’

‘‘आता काय राहिलं?’’

‘‘पाठ.’’

‘‘तिला काय, एखादी चादर लाव.’’

त्याला हसण्यात अर्थ नव्हता. मीही तेच धरून चालले होते. वरच्या बाजूसाठी मी वहीभर आकृत्या काढल्या होत्या, पाठीसाठी त्या वहीत एक ओळ नव्हती. तेव्हा दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन चादरीचं कापड आणलं. पांढरं, अखंड, एकशे आठ इंच पन्ह्याचं. ‘‘चारशेचा धागा आहे, मॅडम, सिल्कसारखं लागेल,’’ दुकानदार म्हणाला. लागतही होतं. पसरलं, वर जुन्या चादरींचे दोन थर घातले, त्यावर ती आठ महिन्यांची कमाई घातली, कडेनं कच्चा टाका मारला आणि सुई घेऊन बसले.

सुई वरच्या साडीतून लोण्यातून जावी तशी जायची, आतल्या थरांतून जायची, आणि खाली त्या चारशेच्या धाग्याशी गेली की अडायची. इतक्या दाट विणीत सुईला दोन धाग्यांमधून वाटच मिळत नाही, तिला धागा फोडूनच जावं लागतं. प्रत्येक टाक्याला अंगुस्तानानं रेटा द्यायचा आणि खालून नखानं ओढायची. एका आठवड्यात आठ ओळी झाल्या आणि अंगठ्याला फोड आला. नवव्या ओळीला सुई मोडली. मग मी सगळं उसवलं.

उसवताना पाठ नीट बघितली. आठ ओळी पांढऱ्यावर लख्ख उमटल्या होत्या आणि त्यातली एकही सरळ नव्हती. वरून साड्यांच्या फुलापानांत माझा धावदोरा लपून जात होता, खाली मात्र प्रत्येक टाका आपापली चूक घेऊन उभा होता. एकरंगी पाठीची ही गंमत आधी कुणी सांगितली नव्हती. हात चांगला असेल तर तिच्यासारखी शोभा नाही, कारण टाक्यांची सगळी नक्षी तिच्यावरच दिसते. हात माझ्यासारखा असेल तर ती वर्गात उभं करते.

आता थोडं शब्दांविषयी. आमच्याकडे, म्हणजे सातारा-कोरेगावकडे, हिला वाकळ म्हणतात. पुण्यात आल्यावर माझी वाकळ गोधडी झाली. तान्ह्या पोराचं ते दुपटं. दुलईत पिंजारी कापूस भरून देतो. वाकळीत कापसाचं काम नाही, कापडावर कापड, थरावर थर. आणि एक शब्द जवळजवळ गेलाच, चौघडी. नऊवारी लुगडं म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या न कापता चार घड्या घातल्या की पावणेसात फुटांचे चार थर होतात, आणि पन्हा चारेक फुटांचा असतोच. एका माणसाचं पांघरूण तयार, कात्री न लावता. वरचं तेच, खालचं तेच, आतलंही तेच. पाठ कुठली लावायची हा प्रश्नच नाही. लुगड्याची लांबी ठरवताना कुणी त्याच्या म्हातारपणाचा विचार केला असेल असं नाही, पण हिशेब असा बसतो की केला असावा असं वाटतं.

माझा प्रश्न दुहेरी पलंगानं आणला. सात फूट रुंदीला पुरेल असं एका पन्ह्याचं कापड आमच्या घरात कधीच आलं नव्हतं. म्हणजे नवी चादर घ्या नाहीतर जोडा.

जोडायला माझं मन का घेत नव्हतं, ते सांगायला मला बरंच मागं जावं लागेल.

लहानपणी आम्ही तीन भावंडं एका वाकळीखाली झोपायचो. तिची वरची बाजू कशी होती ते मला आठवत नाही. खालची बाजू मात्र डोळे मिटून सांगू शकेन. डोक्यावरून पांघरूण घेतलं की तीच समोर असायची. माझ्या नाकाशी आजोबांच्या धोतराचा पट्टा होता, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. पोटाशी कसलं तरी बारीक ठिपक्यांचं परकराचं कापड. आणि पायांशी, अगदी अंगठ्याच्या टोकाला, चुलत्याच्या खाकी अर्ध्या चड्डीचं एक ठिगळ. ते कधीच मऊ झालं नाही. त्याच्या कडेला अंगठ्याचं नख अडकायचं आणि थंडीत भेगा पडलेल्या टाचेला ते कानशीसारखं घासायचं. मोठ्या भावानं आपली बाजू बदलून द्यावी म्हणून मी किती वेळा रडले असेन. ठिगळांच्या पाठीवर हल्ली फार गोड गोड लिहिलं जातं, म्हणून हे मुद्दाम नोंदवते. जाड्याभरड्याला सुताशेजारी बसवणारी बाई दमलेली असते, तिला दुसरं कापड मिळालेलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

पण ठिगळ हे माझं दुखणं नव्हतं. माझं दुखणं दंड.

दंड हा शब्द आता मुलींना माहीत नसतो, म्हणून सांगते. नऊवारी लुगडं सगळीकडून सारखं झिजत नाही. बसायच्या जागी ते आधी विरतं, जाळी होते, मग एक दिवस टरकतं. दोन्ही टोकं मात्र धड असतात. अशा वेळी मधला विरलेला भाग कापून टाकायचा आणि धड टोकं एकमेकांना शिवायची. ती शिवण म्हणजे दंड. कधी दोन वेगळ्या जुनेरांचे धड तुकडे घेऊन त्यांचं एक लुगडं करायचं, तोही दंडच. लुगडं वार-दीड वारानं आखूड होतं, पण अजून दोन वर्षं निघतात. नेसणारी बाई हुशार असेल तर ती दंड बरोबर निऱ्यांत लपवते. माझी आजी हुशार होती.

मी आठ वर्षांची असेन. नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. पंगत वाढायला आजी उठली, वाकली, कुणाचा तरी तिच्या लुगड्यावर पाय पडला आणि निरी सुटली. तिनं झटकन सावरली, पण तेवढ्यात शेजारच्या एका बाईनं बघितलं. ती काही वाईट बोलली नाही. ‘‘दंड छान घातलाय हो,’’ एवढंच म्हणाली. मोठ्यांदा म्हणाली. आजी हसली आणि भाताची परात घेऊन पुढे गेली. मी मात्र ताटावरून उठून मांडवाबाहेर जाऊन बसले. लाज आजीला वाटली की नाही ठाऊक नाही. मला वाटली, आणि ती पन्नास वर्षं टिकली. गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत, चिंधेबुवा म्हणत, आणि त्यांच्या चिंध्यांच्या वस्त्रापुढे वाकत. त्यांचा फोटो आमच्या सोप्यात होता. त्याच सोप्यात बसून आजी कुणी येत नाही ना बघून दंड घालायची.

तर पाठ मला अखंड हवी होती ती अशी. सौंदर्यदृष्टी वगैरे मी नंतर चिकटवली.

चादर फसल्यावर मी चैत्रात गावी गेले, आत्याकडे. वडिलांची थोरली बहीण. वय विचारलं तर म्हणते, ‘‘लिहून कुणी ठिवलंय?’’ चौऱ्याऐंशीच्या पुढे असावी. आयुष्यात किती वाकळी शिवल्या याचाही हिशेब नाही. पाडवा झाला की शेतातलं काम सरतं, उन्हाची तिरीप अंगणात यायच्या आत नाहीतर कलत्या दुपारी सोप्यात दोघी-तिघी बसायच्या आणि पावसाआधी घरातल्या वाकळी पुऱ्या व्हायच्या. आता डोळ्यांनी सुईत दोरा ओवता येत नाही. नातसून एकदम दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते.

मी स्वारगेटवरून एस. टी.नं ते बोचकं घेऊन गेले आणि तिच्यापुढे वरची बाजू उलगडली. तिनं हात फिरवला, जांभळ्या चौकोनावर जरा थांबली. (मला वाटलंच होतं.) मग विचारलं, ‘‘खालचं कुठाय?’’ अस्तर, पाठ हे तिचे शब्द नव्हेत. नुसतं ‘खालचं’.

‘‘तेच ठरत नाहीये.’’

‘‘आगं, आधी खालचं पसरायचं, मग त्याच्या अंगानं वरचं. तू छप्पर बांधलंस अन् आता जागा हुडकतीयास.’’

उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे वंशज. त्यातल्या कितीकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून गुलामी तोडून रानात शिरलेले. बोलतात ती कोकणी, मराठी-कन्नडाच्या मिश्रणाची. त्यांच्या बायका जी गोधडी करतात, कवंद, ती बरोबर आत्याच्या क्रमानं होते. आधी खाली साडी पसरायची. मग एका कोपऱ्यातून सुरुवात करून कडेकडेनं तुकडे ठेवत, तिथल्या तिथे टाके घालत आत आत जायचं. शेवटी चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची तिकोनी फुलं. त्यांच्यात वरची बाजू वेगळी तयार होतच नाही. पाठच पहिली, आणि वरचे तुकडे तिच्या मापानं जमत जातात. मी गोधडी शिकले मोबाइलवर, अमेरिकन बायकांचे व्हिडिओ बघून. तिथे वरची बाजू म्हणजे चित्र आणि पाठ म्हणजे चित्राची चौकट मागून बंद करायचा पुठ्ठा. त्या बायकांचं सगळंच टाकाऊ नाही म्हणा. पाठ चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठी घ्या, जोडाची शिवण इस्त्रीनं फाकवा म्हणजे तिथे उंचवटा राहत नाही, हे त्यांच्याकडूनच कळलं. आत्याची इस्त्री म्हणजे तांब्याचा बुड.

मी तिला माझा हिशेब सांगितला. वरचं सात फूट रुंद. सगळीकडे तीन इंच जास्त धरून खालचं साडेसात फूट बाय आठ फूट पाहिजे. लुगड्याचा पन्हा सेहेचाळीस इंच. आठ-आठ फुटांचे दोन तुकडे शेजारी जोडले तर शिवणीचा इंच वजा जाता एक्क्याण्णव. नव्वद हवेत. बसतं. ‘‘म्हणजे जोडायचंच असेल तर मधोमध एकच जोड येईल,’’ मी म्हटलं. एकच जोड म्हणजे निदान कमी लाज, असं काहीतरी डोक्यात.

आत्यानं मान हलवली. ‘‘मधी शिवण घालू न्हाई.’’

‘‘का?’’

तिनं उत्तर दिलं नाही. कोपऱ्यातल्या उतरंडीशेजारची वाकळ ओढली, दोन हातांनी घडी घातली आणि माझ्या पुढ्यात टाकली. घडी बरोबर मध्यावर पडते. रोज सकाळी तिथेच, वर्षानुवर्षं. शिवणही तिथेच असली तर तिच्यावर रोजचा मोड बसतो, आणि पहिल्यांदा ती तिथेच उसवते. शिवाय अंथरली की पाठीच्या कण्याखाली तीच शिवण. शिवाय दोघं झोपले तर दोन्हीकडून ओढ मधोमध. तिचा तोडगा असा: एक तुकडा सबंध मध्ये घ्यायचा. दुसरा उभा चिरून दोन पट्ट्या करायच्या, तेवीस-तेवीस इंचांच्या, आणि एकेक दोन्हीकडे लावायची. मी मनात बेरीज केली. सेहेचाळीस अधिक तेवीस अधिक तेवीस, दोन शिवणींचे दोन इंच वजा. नव्वद. तंतोतंत. कापड तेवढंच, शिवण एकीऐवजी दोन, पण दोन्ही बिनओढीच्या जागी. तिला आकडे येत नाहीत. ती वीत आणि हात मोजते.

मग ती खुलली. काठ कुठल्या बाजूला घेणार? चिरलेल्या पट्टीला एकीकडे काठ राहतो, दुसरीकडे नसतो. मला वाटत होतं, काठ आत घ्यावा, मधल्या कापडाला चौकट येईल. आत्या म्हणाली बाहेर. वाकळ झिजते ती आधी कडेला, कारण माणूस झोपेत कडच ओढतो, आणि काठाची वीण पोटापेक्षा दाट. तिन्ही तुकडे उभेच घ्यायचे, एखादा आडवा नाही. लुगड्याचा उभा धागा ताणत नाही, आडवा थोडा देतो, आणि मिसळले की धुतल्यावर एकीकडे झोळ येतो. आणि दोरा कापडापेक्षा कच्चा असावा. हे मला उलटं वाटलं. मी तर मुद्दाम पॉलिएस्टरचा पक्का दोरा आणला होता, तोडू म्हटलं तर हाताला कापणारा.

‘‘मग कापडालाच कापंल त्यो. दोरा तुटला तर फिरून घालता येतो. कापड तुटलं तर कुठून आणशील?’’

हे कुठं कळतं, तर दसऱ्याच्या आधी. घटस्थापनेपूर्वी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण कालव्यावर जातं. लहानपणी तो आमचा उत्सव असायचा. बैलगाडीतून वाकळींचा ढीग, बायका गुडघाभर पाण्यात, आम्ही पोरं त्या तुडवायला. कोरडी वाकळ तीन-साडेतीन किलोची. भिजली की एकटीला उचलत नाही. एक बाई एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला, आणि दोघी उलट्या दिशांनी पिळतात. त्या पिळाला घाईनं घातलेला जोड तडतडतो. पाण्याबाहेर दगडावर बडवली की उरलीसुरली शिवण बोलते. आत्या म्हणते, वाकळ कुणी शिवली ते कालव्यावर कळतं. मी तिला सांगितलं नाही की माझी वॉशिंग मशिनमध्ये जाणार आहे.

मधलं सबंध कापड माझ्याकडे होतं. आजीचं इरकल. काळपट निळं अंग, लाल काठ, लाल पदर. आईनं ते ट्रंकेत ठेवलेलं, तिच्यानंतर माझ्याकडे आलं. एका टोकाकडून जाळी झालेलं होतं, पण पदराकडून साडेआठ फूट अगदी धड. आजीचं हे एक लुगडं बिनदंडाचं. सणाचं, म्हणून वाचलेलं. निदान हे अखंड आहे आणि मधोमध जाईल, एवढं मला पुरेसं होतं.

आत्यानं ते उन्हाकडे धरलं. ‘‘ह्येबी जोडल्यालंच हाय की.’’

मला वाटलं तिला कमी दिसतंय. तिनं माझं बोट धरून पदर आणि अंग जिथं भेटतात तिथं टेकवलं. इरकल मूळची बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावची. तिच्या अंगाचा ताणा वेगळा असतो आणि पदराचा वेगळा, अंग सुताचं असलं तरी पदराला रेशमाचा ताणा येतो. हे दोन ताणे मागावरच एकेक फास दुसऱ्या फासात अडकवून जोडतात, आणि मग आडवा धागा दोन्हींवरून पुढे जातो. विणकर त्याला टोप-तेणी म्हणतात. म्हणजे नवीकोरी इरकल मागावरून उतरते तीच जोड घेऊन. इतकी वर्षं ते लुगडं मी घडी उलगडून बघत आले होते, वास घेत आले होते. तिथं बोट कधी फिरवलं नव्हतं.

जोड हाताला लागतच नव्हता म्हणा. डोळ्यांनीही, सांगितल्यावरच दिसला.

आता बाजूच्या पट्ट्या. माझ्या पिशवीत आईची एक फिकट साडी होती, पण तिच्यात अर्धं टेरिकॉट. आत्यानं चिमटीत चोळून परत दिली. ‘‘घाम पीत न्हाई ह्ये.’’ मग ती स्वतः उठली. तिचं उठणं म्हणजे भिंत, खांब, दाराची चौकट असा प्रवास. आतून अर्धं उरलेलं एक लुगडं घेऊन आली. हिरवट, म्हणजे कधीतरी हिरवं असलेलं, हातात घेतलं तर वजनच नाही. मी उलगडत गेले आणि साधारण मध्याशी बोटांखाली एक आडवी रेघ आली.

दंड.

‘‘ह्यो नको,’’ मी एकदम तिच्याच बोलीत म्हणाले. ‘‘म्हणजे, दंडाच्या अलीकडचं घेऊ या ना.’’

‘‘अलीकडं चार हात बी न्हाई, पलीकडं बी न्हाई. तुला पाचाच्या वर पायजे.’’ आणि मग, माझ्या तोंडाकडे बघून, ‘‘कोण बघणार हाय? खालचं हाय की.’’

मी तिला त्या लग्नातली गोष्ट सांगितली नाही. लुगडं घेतलं आणि पुण्याला आले.

कापायच्या आधी मिठाच्या पाण्यात भिजवून बघितलं. इरकलच्या लालाचं भय होतं, पण जो काही रंग जायचा तो कधीच आजीबरोबर विहिरीवर गेला असावा. पाणी नितळ राहिलं. हिरवं उभं चिरताना कात्री लागली नाही. काठाशी एक नखाएवढी चीर दिली आणि ते आपल्याआपण धाग्याच्या रेषेत फाटत गेलं, फक्त दंडाशी येऊन थांबलं. तिथे मात्र कात्री घ्यावी लागली. तेव्हा पहिल्यांदा मी तो दंड नीट बघितला. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून, म्हणजे कापडाची कच्ची कड कुठेच उघडी नाही, आणि त्यावर हातशिलाईचे टाके. मोजले. एका इंचात चौदा. माझे पाच येतात, चांगल्या दिवशी सहा. शिवण इतकी सपाट की डोळे मिटून हात फिरवला तर दुसऱ्या फेरीला सापडली. माझ्या खाकी चड्डीच्या ठिगळाशी हिचं काही नातं नव्हतं.

चिरल्यामुळे दंड दोन्ही पट्ट्यांत गेला, मध्यापासून थोडा एका टोकाकडे. दोन्ही एकाच उंचीवर ठेवले तर शर्टाच्या खांद्यासारखे दिसायला लागले. एक पट्टी फिरवली. आता एका बाजूचा दंड गुडघ्यापाशी येतो आणि दुसरीकडचा कोपरापाशी. काठ बाहेरच राहावा म्हणून फिरवलेली पट्टी उलटीही करावी लागली, पण त्या लुगड्याला उलटसुलट उरलेलंच नाही.

आषाढ, श्रावण, भाद्रपद. पाऊस आणि वाकळ. साधा सुती दोरा, कडेपासून आत, चौकटीत चौकट. इरकलवर माझे टाके दिसतात, लपत नाहीत. काळपट निळ्यावर पांढरा दोरा घेतला हा माझाच आगाऊपणा. हिरव्यावर विरलेल्या रंगाचे ढग आहेत, तिथे ते हरवतात. एक चूक सांगून ठेवते. वरच्या बाजूचे जोड आणि खालचे जोड एकावर एक येऊ नयेत हे मी बघितलंच नाही. उजव्या अंगाला सव्वा फुटाचा पट्टा असा आलाय की वर चार चौकोनांची शिवण आणि खाली बरोबर तिच्यावर इरकल-हिरव्याचा जोड. तिथं आठ पदर होतात. सुई दोनदा वाकली, टाके मोठे पडले. उसवलं नाही. बाकी सगळीकडे जुन्या कापडानं सुईला अशी वाट दिली की त्या चारशेच्या धाग्याची आठवण होऊन मी मधूनच हसायची. ती पांढरी चादर, बरी आठवण झाली, खाली फरशीवर अंथरायला उपयोगी पडली.

सर्वपित्री अमावास्येच्या आधल्या आठवड्यात घेऊन गेले. आत्या सोप्यातच होती. मी वरची बाजू वर ठेवून पसरली. तिनं दोन कोपरे धरून उलटी केली. जांभळ्या चौकोनासह आठ महिने पालथे पडले. मग ती हातानं बघायला लागली. कड ओढून बघितली. पोट थापटलं. त्या आठ पदरांच्या पट्ट्याशी हात थांबला, ‘‘हितं घाई केलीस,’’ म्हणाली. घाई नव्हती, पण मी गप्प राहिले. मग हिरव्यावरून हात खाली आला आणि दंडावर अडखळला. तिला तो पहिल्याच फेरीला सापडला.

‘‘ह्यावर टाकं आडवं न्हेलंस?’’

‘‘हो. सरळ पुढे गेले. नको होतं का?’’

‘‘बरं केलंस. टिकंल.’’ बोट तिथंच फिरत होतं. ‘‘आईचा हात. मला एवढं बारीक कधी जमलं न्हाई.’’

मी समजत होते, लुगडं आत्याचं. म्हटलं, ‘‘हे आजीचं?’’

‘‘तिचंच. लेकीच्या बाळंतपणाला आली तवा ठिवून गेली, लंगोटं करायला. म्या केली न्हाईत.’’

त्या लग्नातलं लुगडं हिरवं होतं का, मी आठवून बघते आहे. मला ते विटकरी आठवतं. पण मी आठ वर्षांची होते, आणि मी लुगड्याकडे नव्हे, त्या बाईच्या तोंडाकडे बघत होते. आत्याला विचारता आलं असतं. तेवढ्यात नातसून चहा घेऊन आली, आणि आत्या तिला सांगत होती की कालव्याला पाणी सोडलंय का ते बघून ये, ह्यांची ही नवीन वाकळ आपल्यातच धुऊन काढू, त्या यंत्रात घातली तर पार चिंध्या व्हायच्या.